नाशिकच्या मोठ्या शाळेत रुजू होताय? आधी जनरल रजिस्टर वाचा

शिक्षण सेवक म्हणून नेमणुकीचा आदेश हातात पडला की सगळे जण पाठांची टाचणं, वेळापत्रक आणि पगाराची चौकशी करतात. ते स्वाभाविक आहे. पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची असतात आणि २०२३ पासून माध्यमिकला ते महिना १८,००० रुपये आहे. नाशिकमध्ये खोलीचं भाडं देऊन त्यात भागवणं अवघडच. त्याविषयी सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी मात्र वेगळं सांगणार आहे. शहरातल्या जुन्या, दोन अधिवेशनांत भरणाऱ्या, प्रत्येक इयत्तेला अनेक तुकड्या असलेल्या अनुदानित शाळेत मी शिकवतो. इथली मुलं मला कळायला लागली ती वर्गात नव्हे, कार्यालयातल्या लोखंडी कपाटापाशी.

त्या कपाटात जनरल रजिस्टरं असतात. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची एक ओळ: नाव, जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा. आईच्या नावाचा रकाना नंतरच्या रजिस्टरांत दिसू लागतो. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे याच ओळीची नक्कल. शाळेचा खरा इतिहास तिथेच आहे. स्मरणिकेत संस्थापकांचे फोटो असतात, शाळेत कोण आलं ते रजिस्टरात असतं.

नाशिकला शिक्षणसंस्थांची मोठी परंपरा आहे आणि नव्या माणसाला ती थोडी तरी माहीत हवी. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा. त्याची सुरुवात उदाजी मराठा बोर्डिंगशी जोडलेली आहे, म्हणजे शाळेच्या आधी राहण्या-जेवण्याचा प्रश्न सोडवला गेला. खेड्यातलं पोर शिकायचं तर त्याला नाशकात पाठ टेकायला जागा हवी, हे त्या माणसांनी ओळखलं होतं. गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची. आज जु. स. रुंगटा हायस्कूल म्हणून ओळखली जाणारी शाळा पूर्वी न्यू इंग्लिश स्कूल होती आणि कुसुमाग्रज तिथे शिकले. २७ फेब्रुवारीला प्रत्येक शाळेत त्यांच्या कवितांचं वाचन होतं. त्या दिवशी मुलांना हेही सांगा की हा कवी याच शहरात दप्तर घेऊन शाळेत जात होता. मागच्या बाकांपर्यंत वर्ग शांत होतो, हे मी पाहिलं आहे.

आता रजिस्टर वाचायचं कसं ते. जुन्या नोंदींत इयत्ता वेगळ्या आहेत. मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली सुरू व्हायची, म्हणून ‘इंग्रजी चौथी’ म्हणजे आजची आठवी आणि ‘इंग्रजी सातवी’ म्हणजे मॅट्रिकचं वर्ष. दहावीची पहिली बोर्ड परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली. त्याआधी मॅट्रिक अकरावीला असायची. एखादे आजोबा ‘मी अकरावी झालोय’ म्हणाले तर त्यांना कनिष्ठ महाविद्यालयाच्या खिडकीकडे पाठवू नका, त्यांची ओळ तुमच्याच कपाटात आहे.

जन्मतारखांवरून बोट फिरवलं की १ जून पुन्हा पुन्हा येतो. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, आईबापांना तारीख आठवायची नाही, मग गुरुजी वय बसेल अशी १ जून लिहून मोकळे व्हायचे. कागदावर त्या एका दिवशी जन्मलेली सरकारी नोकरीतली माणसं पुढे ३१ मे या एकाच तारखेला निवृत्त झाली. मला या नोंदींत गुरुजींचा हलगर्जीपणा दिसत नाही. वय ठरवता येईना म्हणून पोराला दाराबाहेर ठेवायचं नाही, एवढंच त्यांनी पाहिलं.

जन्मस्थळाच्या रकान्यात शहर कसं वाढलं ते दिसतं. नाशिकरोडला नोटा आणि मुद्रांक छापणारे सरकारी छापखाने आले, ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूर-अंबडला औद्योगिक वसाहती झाल्या, तशी बाहेरगावची नावं उमटत जातात. ‘वडिलांची बदली’ हे शाळा सोडण्याचं कारण वाढतं. पेठ, सुरगाणा, दिंडोरीच्या नोंदींपुढे मात्र ‘सतत गैरहजर’ आणि ‘घरगुती अडचण’ हे शेरे येतात. घरगुती अडचण या दोन शब्दांत काय काय कोंबलं गेलं असेल, याचा मी अजून विचार करतो. मुलींच्या ओळींपुढे तर जास्तच.

हे वाचल्यावर आजच्या वर्गाकडे बघा. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं द्राक्षबागांत कामाला उतरतात. मुलगा वसतिगृहात असला तरी त्याचं लक्ष तिकडे असतं. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराचं पोर छाटणीच्या दिवसांत पेंगतं, कारण पहाटे फवारणीला तोही उठलेला असतो. सातपूर-अंबडच्या कामगारवस्तीतल्या काही मुलांच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलतात आणि ती मराठी माध्यमात मनापासून शिकतात. गैरहजेरीच्या खुणेमागे कोणतं घर आहे हे ठाऊक असलं की बोलणं बदलतं. मी पालकांना ‘मुलगा का येत नाही?’ असं विचारत नाही. ‘काम कधी संपतंय?’ असं विचारतो. उत्तर सरळ मिळतं आणि बुडालेला भाग केव्हा भरून काढायचा ते ठरवता येतं.

कार्यालयात लोक कशासाठी येतात तेही समजून घ्या. बहुतेक जण जात पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांची नोंद शोधत येतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीच्या कागदाला मोल असतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर शाळांच्या दप्तरांना एकदम महत्त्व आलं. जुन्या मोडीतल्या नोंदी वाचणाऱ्यांना मागणी आली. नोंद सापडली तर नातवाचा वैद्यकीयचा प्रवेश टिकतो, नाही सापडली तर घरच हादरतं. म्हणून समोर बसलेल्या माणसाला पाणी विचारा आणि मग शोधायला घ्या.

शोधायची रीत अशी. रजिस्टर नावांच्या क्रमाने नसतं, दाखल क्रमांकाने असतं. त्यामुळे ‘आडनाव काय?’ याआधी ‘कोणत्या साली, कितवीत आले होते?’ हे विचारा. साल आठवत नसेल तर खुणा विचारा. नाशिककरांना १९६९ चा गोदावरीचा पूर आठवतो, सिंहस्थ आठवतो. पुराच्या आधी की नंतर, एवढ्यावरही शोध चार-पाच वर्षांवर येतो. मग भावंडं पाहा, ती बहुधा जवळच्या पानांवर सापडतात. आडनाव बदललेलं असू शकतं: जुन्या नोंदींत गावावरून किंवा धंद्यावरून लिहिलेलं आणि पुढच्या पिढीने दुसरंच लावलेलं. अशा वेळी घाईने ‘नाही’ म्हणू नका.

दोन गोष्टींत कडक राहा. रजिस्टरात स्वतःहून खाडाखोड करायची नाही, कुणी कितीही ओळखीचं असलं तरी. मूल शाळेत शिकत असताना नाव किंवा जन्मतारखेची दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने होते, एकदा शाळा सोडली की ती फार अवघड होते. त्यामुळे दहावीच्या वर्गशिक्षकांनी बोर्डाचा अर्ज भरण्याआधीच प्रत्येक मुलाकडून त्याची ओळ तपासून घ्यावी, स्पेलिंगसकट. दुसरं म्हणजे पानांचे फोटो काढून कुठल्याही गटात टाकायचे नाहीत. त्या पानावर शेजारच्या दहा जणांची जात आणि वर्तणूक लिहिलेली असते.

हे सगळं शिकवणारा माणूस म्हणजे वरिष्ठ लिपिक आणि कित्येकदा शिपाईमामा. कोणतं वर्ष कोणत्या कप्प्यात आणि कोणत्या रजिस्टराची शिवण सुटलीय हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना मान द्या. मुख्याध्यापकांची परवानगी काढून रिकाम्या तासाला त्यांच्याशेजारी बसा. पट म्हणजे विद्यार्थिसंख्या, त्यावरून शिक्षकांची पदं ठरवणारी संच मान्यता, अतिरिक्त ठरणारे शिक्षक, त्यांचं दुसऱ्या शाळेत समायोजन या विषयांची काळजी शिक्षकांच्या खोलीत रोज चालते आणि ती खोटी नाही. मराठी शाळांचा पट घटतो आहे, नव्या माणसाच्या नोकरीवर त्याचं सावट आहेच. पण पट टिकवायला जाहिरातीचा फलक पुरत नाही. ‘तुमचे वडील आमच्याच शाळेत होते, ही बघा त्यांची ओळ’ असं म्हटल्यावर पालक खुर्चीत सावरून बसतात आणि धाकट्याचं नाव कुठे घालायचं याचा पुन्हा विचार करतात.

सुरुवात करायला योग्य काळ म्हणजे दहावीच्या निकालानंतरचे दिवस. त्या आठवड्यात दाखल्यांसाठी खिडकीवर रांग लागते, हात कमी पडतात, नव्या शिक्षकाला कुणी नको म्हणत नाही. दाखला लिहिताना प्रत्येक मुलाला पुढे काय घेणार ते विचारा आणि तुमच्या वहीत टिपून ठेवा.