न्हावा शेवाच्या गेटवर कंटेनर अडू नये म्हणून

कारखान्यात भरून सील केलेला कंटेनर न्हावा शेवा बंदराला उशिरा पोहोचला की खापर बोरघाटातल्या गर्दीवर फुटतं. बहुतेकदा उशीर त्याआधीच झालेला असतो. ट्रेलर दारात उभा, हॉल्टिंग (ट्रेलर थांबवल्याचं भाडं) चालू, आणि गोडाऊनमध्ये कुठला पॅलेट आधी घालायचा यावर वाद. हा वाद आदल्या दिवशीच फरशीवर मिटवायचा.

पिवळ्या टेपने २.३५ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब चौकोन आखा. ४० फुटी कंटेनरच्या आत साधारण एवढीच जागा असते. भरायच्या क्रमाने पॅलेट त्यात मांडून पाहा. १२०० × १००० मिलिमीटरचे दोन पॅलेट लांब बाजूने शेजारी ठेवले तर २.४ मीटर होतात, म्हणजे ५ सेंटीमीटर कमी पडतात. एक रांग उभी, एक आडवी केली की २० ते २१ बसतात. उंची मात्र दाराची धरा, आतली नाही. साध्या कंटेनरचं दार सुमारे २.२८ मीटर, जास्त उंचीच्या हाय क्यूबचं २.५८. फोर्कलिफ्टला पॅलेट उचलायला लागणारे दहाएक सेंटीमीटर त्यातून वजा करा.

जड माल एका टोकाला साठू देऊ नका. कंटेनरच्या कुठल्याही अर्ध्या भागात एकूण वजनाच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको. रुंदीत सगळ्या फटी मिळून १५ सेंटीमीटरच्या वर गेल्या तर त्यांत हवेने फुगवायच्या एअर बॅग घाला. घाट उतरताना ब्रेक लागला की माल पुढे सरकतो, जहाजावर आडवा. पट्टे आतल्या कड्यांनाच बांधा, पत्र्याला काही ठोकू नका. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा, शिक्का हवा. त्यावर HT असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलं, असा त्याचा अर्थ. पावसात भिजलेले पॅलेट शिक्का असूनही वापरू नका. त्यांची वाफ छताला लागून थेंबांनी खोक्यांवर पडते आणि परदेशात ग्राहक बुरशीचे फोटो पाठवतो.

रिकामा कंटेनर आला की एकाने आत जाऊन दारं लावून घ्यायची. बाहेरचा माणूस दाराशीच थांबला पाहिजे. कुठून उजेड दिसला तर तिथून पाणी येणार, कंटेनर परत पाठवा. आधीच्या मालाचा वास, ओली फळी, वर आलेला खिळा हेही तेव्हाच बघा. कंटेनर नंबरात चार अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा आधीच्या दहा खुणांवरून गणिताने निघतो. शिपिंग बिलात (निर्यातीसाठी कस्टमला द्यायच्या कागदात) नंबर घालताना तो गणिताने पडताळला तर एका आकड्याची चूक बहुतेकदा जागीच सापडते.

१ जुलै २०१६ पासून व्हीजीएम, म्हणजे पडताळलेलं वजन, दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. भरलेला कंटेनर तोला, नाहीतर माल, पॅकिंग, पॅलेट, एअर बॅग आणि दारावर लिहिलेलं टेअर (रिकाम्या कंटेनरचं वजन) यांची बेरीज करा. नेहमीची चूक म्हणजे टेअर विसरून नुसतं मालाचं वजन पाठवणं. काट्यावर तोलताना दुसरी गोम निघते: ट्रेलर आधी रिकाम्या टाकीने तोलला आणि नंतर ३०० लिटर डिझेल भरलं, तर सुमारे २५० किलो फुकट वाढतात. कंटेनरच्या प्लेटवर कमाल वजन ३०,४८० किलो लिहिलं म्हणजे तेवढं भरता येतं असंही नाही. ट्रेलरची आरसी (नोंदणीपत्र) आधी मर्यादा घालते.

उजवं दार शेवटी बंद होतं, म्हणून बोल्टवाला ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) त्याच्याच दांडीला लावा. अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, एक दार बंद आणि सीलचा जवळून, असे चार फोटो ठेवा. ट्रेलर निघण्यापूर्वी सील नंबर, शिपिंग बिल नंबर, कंटेनर नंबर, ट्रेलर नंबर आणि सीलची वेळ ई-सीलच्या पोर्टलवर भरा. बंदराच्या गेटवर लागणाऱ्या फॉर्म १३ वर हेच नंबर असले पाहिजेत. वाटेत गाडी बिघडून कंटेनर दुसऱ्या ट्रेलरवर चढवावा लागला, तर ड्रायव्हरचा पहिला फोन सीएचएला (कस्टम एजंटला) जायला हवा, मालकाला नंतर. ट्रेलरचा नवा नंबर पोर्टलवर आणि फॉर्म १३ मध्ये बदलून मिळेपर्यंत गेटआधीच्या पार्किंग प्लाझातच थांबायचं. जुन्या नंबरवर रांगेत घुसलं तर गेटवरून परत फिरावं लागतं, आणि तोवर कट-ऑफ, म्हणजे त्या जहाजासाठी कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ, निघून जातो.