दोन्ही घरचा पाहुणा

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधाचा विषय घेऊन मी एकाच आठवड्यात दोन ठिकाणी गेले होते. राज्यशास्त्राच्या सरांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विषय चांगला असला तरी तो स्त्री-अभ्यासात मोडतो, असे सांगितले. स्त्री-अभ्यासाच्या बाईंनी तितक्याच आपुलकीने, यात जहाजे, नौदल आणि सुरक्षा परिषद आहे, तेव्हा तो आंतरराष्ट्रीय संबंधांच्या लोकांकडे न्यावा, असा सल्ला दिला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी ही म्हण तोवर आजीच्या तोंडून ऐकलेली होती. तिचा अर्थ त्या संध्याकाळी कलिन्याहून सांताक्रूझ स्टेशनकडे जाणाऱ्या बसमध्ये नीट कळला. पुढे पीएच.डी. झाली, नोकरी लागली, तरी हा पाहुणेपणा गेला नाही. लिंगभाव, शांतता आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा या विषयात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी पहिली गोष्ट हीच सांगते, की तो जाणार नाही असे धरूनच चालावे. जेवायचे कोणत्या घरी हे लवकर ठरवावे. आपला प्रश्न मात्र त्या घराच्या हवाली करू नये.

माझा प्रश्न घरातूनच आला. वडील व्यापारी जहाजांवर होते, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत ‘बोटीवर’. नऊ-दहा महिन्यांचे कॉन्ट्रॅक्ट, मग काही महिने डोंबिवलीच्या दोन खोल्यांत वास्तव्य, की पुन्हा सीडीसीचे, म्हणजे खलाशाच्या नोंदीचे, पुस्तक आणि बॅग. पगारातला ठरलेला भाग दरमहा आईच्या खात्यात जमा होई. त्याला अलॉटमेंट म्हणत, आणि ती आली म्हणजे बोट सुखरूप आहे असा आईचा हिशेब असे. सोमालियाच्या किनाऱ्यालगत चाचेगिरीने जोर धरला तेव्हा मी कॉलेजात होते. २ जून २००८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव १८१६ संमत केला आणि सोमालियाच्या तत्कालीन सरकारशी सहकार्य करणाऱ्या देशांना त्या देशाच्या सागरी हद्दीत शिरून चाच्यांचा बंदोबस्त करण्याची मुभा दिली. एम.ए.ला हा ठराव वाचताना त्यात अन्नमदतीची जहाजे, व्यापारी मार्ग आणि सागरी हद्द हे सगळे भेटले. अलॉटमेंट थांबल्यावर बँकेच्या काउंटरवर पुन्हा पुन्हा चौकशी करणारी बाई मात्र कुठे भेटली नाही. तिचे तिथे नसणे ही नजरचूक आहे की सुरक्षेच्या व्याख्येतच ती बसत नाही, हा पुढे माझ्या पीएच.डी.चा प्रश्न झाला.

या क्षेत्राचा पाया समजून घेण्यासाठी सुरुवातीला फार वाचावे लागत नाही, पण जे वाचायचे ते सावकाश वाचावे लागते. शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये संरचनात्मक हिंसेची, म्हणजे समाजाच्या रचनेतूनच माणसांना होणाऱ्या इजेची, कल्पना मांडली आणि बंदुका थांबल्या म्हणजे शांतता आली, या समजुतीला धक्का दिला. स्त्रीवादी अभ्यासक कॅरोल कोन यांनी १९८७ च्या एका लेखात अमेरिकेतल्या अण्वस्त्र-तज्ज्ञांच्या भाषेचा अभ्यास केला आणि त्या सफाईदार भाषेत मरणारी माणसे कशी दिसेनाशी होतात, हे दाखवले. त्याच परंपरेतल्या सिंथिया एन्लो यांनी तर एक साधाच प्रश्न विचारला: आंतरराष्ट्रीय राजकारणात बाया कुठे आहेत? उत्तरादाखल त्या लष्करी तळांभोवतीच्या वस्त्यांत, मुत्सद्द्यांच्या घरांत आणि केळीच्या मळ्यांत गेल्या. हे वाचताना मुंबई डोळ्यांसमोर ठेवावी असे मी सुचवेन. नौदलाच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय ज्या शहरात आहे आणि ज्याच्या तुर्भ्याच्या बाजूला अणुसंशोधन चालते, तिथल्या विद्यार्थ्याने सुरक्षेची उदाहरणे केवळ परदेशी पुस्तकांतून उचलावीत, हे मला पटत नाही.

दुसरा टप्पा सुरक्षा परिषदेच्या ठराव १३२५ चा. हा ठराव ३१ ऑक्टोबर २००० रोजी संमत झाला. शांततेच्या वाटाघाटींत स्त्रियांचा सहभाग, संघर्षात त्यांचे संरक्षण, संघर्ष टाळण्याच्या कामात त्यांची भूमिका आणि नंतरच्या मदत-पुनर्वसनात त्यांच्या गरजांचा विचार, या गोष्टी त्याने सुरक्षा परिषदेच्या कामकाजात आणल्या. तो काही कुणाच्या उदारपणातून आलेला नाही. त्यामागे स्त्री-संघटनांचा रेटा होता आणि त्या परंपरेचा माग पहिल्या महायुद्धाच्या ऐन मध्यात, १९१५ मध्ये, हेग येथे भरलेल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपर्यंत जातो. नेपाळने या ठरावाच्या अंमलबजावणीचा राष्ट्रीय कृती आराखडा २०११ मध्ये केला, भारताने तसा आराखडा केलेला नाही. याच भारताने २००७ मध्ये लायबेरियातील शांतिसेनेत केंद्रीय राखीव पोलीस दलाची संपूर्ण महिला तुकडी पाठवली आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली ती तशी पहिली तुकडी ठरली. या दोन वस्तुस्थिती शेजारी शेजारी ठेवल्या की प्रबंधाचा एक विषय तयार होतो. तरीही नवख्यांनी पहिलाच निबंध थेट १३२५ वर लिहू नये असे मी म्हणते, कारण त्यावर सगळेच लिहितात आणि बहुतेक निबंध ठरावाची कलमे पुन्हा सांगून संपतात. त्यापेक्षा सी. बी. मुथम्मा यांचा खटला घ्यावा. परराष्ट्र सेवेतल्या या पहिल्या महिला अधिकाऱ्याने सेवानियमांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. महिला अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी आणि विवाहित स्त्रीला या सेवेत नेमणुकीचा हक्क नसावा, असे ते नियम होते. न्यायालयाचा निकाल १९७९ चा आहे. देशाचे परराष्ट्र धोरण कोण चालवते आणि कुणाच्या संसाराच्या अटींवर, हे त्या एका निकालपत्रातून जितके कळते तितके अनेक जाड ग्रंथांतून कळत नाही.

आता घर निवडण्याविषयी. मुंबईत या विषयाचा स्वतंत्र विभाग शोधत बसण्यात अर्थ नाही. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातला नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग, देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था आणि एसएनडीटी विद्यापीठाचे जुहू संकुलातले स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र, हे येथल्या विद्यार्थ्याचे तीन मुख्य आधार आहेत. यातले शेवटचे केंद्र नीरा देसाई यांनी १९७४ मध्ये उभे केले आणि देशातल्या स्त्री-अभ्यासाची सुरुवात सांगताना त्याचे नाव घ्यावेच लागते. लष्करी बाजू अधिक जवळून शिकायची असेल तर पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे. निवड करताना मात्र एक रुक्ष गोष्ट ध्यानात ठेवावी. नेट ही प्राध्यापकपदाच्या पात्रतेची परीक्षा साधारणपणे ज्या विषयात पदव्युत्तर पदवी त्याच विषयात द्यावी लागते, आणि महाविद्यालयांच्या जाहिरातींत राज्यशास्त्राच्या जागा स्त्री-अभ्यासापेक्षा कितीतरी अधिक निघतात. मी राज्यशास्त्राचे घर निवडले ते या हिशेबाने, आणि तसे सांगण्यात मला कमीपणा वाटत नाही. ज्यांना स्त्री-अभ्यासातच राहायचे आहे त्यांनी जरूर राहावे, फक्त जागांचे हे गणित आधी पाहून मग राहावे.

पैशाचे आणि वेळेचे गणितही आधीच पाहावे. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये, असा २०२३ पासूनचा दर आहे. ती मिळाली नाही तर तासिका तत्त्वावर शिकवणे हाच बहुतेकांचा मार्ग असतो. मी तो चार वर्षे चालले आहे. एका उपनगरातल्या महाविद्यालयात सकाळचे तास, दुसऱ्यात दुपारचे, तासांचे पैसे कधी सहा महिन्यांनी, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन व कमाल सहा वर्षे असतात, पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते आणि प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. ही माहिती विद्यार्थिनींना बहुधा कुणी आपणहून देत नाही, म्हणून नियम स्वतः वाचावेत. प्रकाशनाच्या बाबतीत एवढेच, की यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे पैसे भरून आठ दिवसांत लेख छापणाऱ्यांना ओळखण्याची जबाबदारी आता आपलीच आहे.

क्षेत्रकार्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मी सर्वाधिक चुका तिथेच केल्या. चाच्यांच्या ताब्यात असलेल्या खलाशांच्या घरच्यांवर काय गुदरते, याचा अंदाज ‘अस्फाल्ट व्हेंचर’ या जहाजाच्या प्रकरणावरून यावा. २०१० मध्ये पळवलेले हे जहाज एप्रिल २०११ मध्ये खंडणीनंतर सुटले, पण भारतीय नौदलाने चाच्यांना पकडले होते म्हणून चाच्यांनी सात भारतीयांना अडकवून ठेवले, आणि ते ऑक्टोबर २०१४ मध्ये घरी परतले. माझ्या मुलाखती अशाच अन्य कुटुंबांच्या होत्या. मुंबईच्या उपनगरांत आणि रत्नागिरीकडच्या गावांत मी त्यांच्याकडे गेले. पहिल्याच घरी मी संमतिपत्रक पुढे केले तेव्हा बाईंनी विचारले, “तुम्ही कंपनीच्या का?” छापील कागद आणि सही यांचा त्यांच्यापुरता अर्थ जहाजाची कंपनी आणि विमा एवढाच होता. ती मुलाखत झाली नाही. पुढे मी कागद पिशवीतच ठेवू लागले. दोन भेटी नुसत्या बोलण्याच्या, माझे वडीलही बोटीवर होते हे सांगण्याच्या, आणि तिसऱ्या भेटीत संमती तोंडी, पण रेकॉर्डरवर. संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या संस्थेच्या नीती समितीला हा बदल पटवायला दोन महिने लागले. माझ्यासारखी पार्श्वभूमी असली म्हणजे दारे उघडतात हे खरे, पण त्याचा तोटा असा की समोरची बाई ‘तुला माहीतच आहे’ म्हणून वाक्य अर्ध्यावर सोडते आणि आपणही मान डोलावतो. घरी येऊन टेप ऐकल्यावर कळते की ज्यासाठी गेलो तेच बोलले गेलेले नाही.

आणि भाषेचा मुद्दा. तेवीस मुलाखतींत ‘सुरक्षा’ हा शब्द एकाही बाईने आपणहून वापरला नाही. त्या म्हणत, “जिवाला घोर होता.” चाच्यांनी नवऱ्याला घरी फोन करायला लावला तेव्हाचा घोर, सासरच्यांनी घर गहाण टाकायचे ठरवले तेव्हाचा घोर, आणि तो परतल्यावर पुन्हा बोटीवर जातो म्हणाला तेव्हाचाही. इंग्रजीत लिहिताना मी त्याचे भाषांतर चिंता या अर्थाच्या शब्दाने केले, आणि प्रकरण वाचून मार्गदर्शक बाई म्हणाल्या की हे तर मानसशास्त्र झाले, यात राजकारण कुठे आहे? त्यांचे बरोबर होते. घोर हा शब्द मी मूळ रूपात ठेवला, त्याला एक पूर्ण प्रकरण दिले, आणि राज्यसंस्था, कंपनी व कुटुंब यांनी जोखीम कुणाच्या गळ्यात बांधली याचा हिशेब त्याच्या आधारे मांडला. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते, मलाही होती, आणि इंग्रजी लेखन शिकण्याला पर्याय नाही. परंतु टिपणे मराठीतच ठेवावीत, आणि भाषांतर शक्य तितके उशिरा करावे.

परिषदांत आजही मला बहुधा शेवटच्या सत्रात, जेवणानंतरच्या वेळी ठेवले जाते. एका सुरक्षाविषयक चर्चासत्रात अध्यक्षांनी माझा परिचय ‘आता थोडे बायकांविषयी’ असा करून दिला होता, आणि सागरी व्यापारावर बोलायला उभी राहिलेली मी दोन मिनिटे गडबडले. त्यानंतर मी पहिली पारदर्शिका नेहमी जहाजाच्या मार्गाच्या नकाशाची ठेवते.

प्रबंध मान्य झाल्यावर त्याचा वीस पानांचा मराठी गोषवारा मी मुलाखती दिलेल्या घरी नेऊन दिला. रत्नागिरीजवळच्या एका बाईंनी तो माझ्यासमोरच ओटीवर बसून वाचला, आतून मुलाचे बॉलपेन मागवून घेतले, चाच्यांनी करायला लावलेल्या दुसऱ्या फोनची तारीख खोडली आणि शेजारी बरोबर तारीख लिहिली. मग म्हणाल्या, “ताई, त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती, माझ्या चांगलं लक्षात आहे.”