इओसिनोफिल वाढलेत? आधी गुणाकार करा

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टात ‘इओसिनोफिल ९’ ठळक अक्षरांत छापून आलं की घरात लगेच जंताच्या गोळीची चर्चा सुरू होते. जरा थांबा. इओसिनोफिल ही पांढऱ्या रक्तपेशींची एक जात, आणि तो ९ म्हणजे त्यांची टक्केवारी आहे. एकूण पांढऱ्या पेशींना या टक्क्यांनी गुणा आणि १०० ने भागा. पांढऱ्या पेशी ४,५०० असतील तर ९ टक्के म्हणजे ४०५, काळजीचं कारण नाही. १२,००० असतील तर ७ टक्केसुद्धा ८४० होतात. ५०० पर्यंत ठीक. १,५०० च्या वर आकडा टिकून राहिला तर तपास लांबवू नका, या पेशी हृदयालाही इजा करतात.

आकडा कमी आला म्हणूनही निर्धास्त राहू नका. स्टिरॉइड घेतल्यावर काही तासांतच तो घसरतो. सकाळी तो कमी असतो, रात्री जास्त. म्हणून दुसरी तपासणी दिवसाच्या त्याच वेळी, त्याच लॅबमध्ये करावी.

जंत मोठा असतो, पेशीला गिळता येत नाही. मग इओसिनोफिल त्याला चिकटून आपल्या कणांतली जहाल प्रथिनं त्याच्यावर ओततात. दम्यात हाच मारा स्वतःच्या श्वासनलिकेवर होतो. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून ॲलर्जी की जंत, हे सांगता येत नाही. नव्याने सुरू झालेली औषधंही डॉक्टरांना सांगा. शौचात अमिबा किंवा जिआर्डिया हा एकपेशीय परजीवी सापडला म्हणून आकड्याचं कोडं सुटत नाही. ते सहसा इओसिनोफिल वाढवत नाहीत.

गगनबावडा, राधानगरीकडे अनवाणी भातलावण केली असेल तर ते आवर्जून सांगा. आकडेकृमीच्या अळ्या पायाच्या कातडीतून शिरतात. इओसिनोफिल लवकर वाढतात, अंडी मात्र शौचात दिसायला पाच आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. पहिली तपासणी कोरी निघते ती बहुतेक यामुळेच.

शौचाचे तीन नमुने एक दिवसाआड द्या. प्रत्येक आवळ्याएवढा, कोरड्या डबीत, लघवी किंवा पाणी न मिसळता, तासा-दोन तासांत लॅबमध्ये. गाव लांब असेल तर फॉर्मॅलिनची (नमुना टिकवणाऱ्या द्रवाची) डबी आधीच मागून घ्या. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत मात्र तीन नमुन्यांतूनही निसटतो, त्याला रक्ताची वेगळी तपासणी लागते. तो अंगात असताना ‘ॲलर्जी आहे’ म्हणून स्टिरॉइड सुरू झालं, तर अळ्या शरीरभर पसरून जीवावर बेतू शकतं. या संपूर्ण प्रकरणातली सगळ्यात महाग चूक हीच.

साखर कारखान्यात बुरशी आलेल्या बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) धुळीत काम करणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे काही तासांनी ताप, खोकला, धाप येते, पण इओसिनोफिल बहुधा नॉर्मलच असतात. त्यांनी या आकड्यावर विसंबू नये, छातीचा एक्स-रे करून घ्यावा.