गरम असताना कोरडं, सकाळी ओलं

जुन्या गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, रोज थोडं थोडं कमी होतंय आणि गळती काही सापडत नाही, असं काम अंगावर आलं की नव्या पोराला सगळ्यात आधी हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली पट्टी) आठवतं. मलाही तेच आठवलं होतं. माझ्याकडे आलेल्या गाडीत तसं काही निघालं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना धीर राहील.

मला गॅरेजात लागून जेमतेम वर्ष झालं होतं. रेडिएटर, थर्मोस्टॅट, हीटर ही मंडळी कशी चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. गाडी बरीच जुनी, इंजिन आडवं बसवलेलं, वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरणारा. मालकाची तक्रार एवढीच की आठवड्याला अर्धा लिटर कूलंट घालावं लागतं आणि सकाळी गाडी हलवली की खाली तळहाताएवढा डाग असतो. डाग गिअरबॉक्सच्या बाजूला. बोट लावून वास घेतला तर गोडसर, म्हणजे एसीचं पाणी नक्कीच नव्हे. (एसीच्या पाण्याला ना वास ना रंग, तरी त्याच्यामागे दिवस घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.)

पहिल्या दिवशी मी तेच केलं जे कुणीही करेल. इंजिन तापवलं, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालवलं, टॉर्च आणि काठीवरचा आरसा घेऊन सगळीकडे डोकावलो. कोरडं ठाक. इंजिन कोमट झाल्यावर कूलंटच्या झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर (हवा भरून दाब टिकतो का ते दाखवणारा काट्याचा पंप) लावला, झाकणावर लिहिलेल्या ०.९ बारपर्यंत हवा भरली, दहा मिनिटं काट्याकडे बघत बसलो. काटा ढिम्म. मी ठरवून टाकलं की होज, क्लिपा, रेडिएटर सगळं ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी वॉटर पंपाच्या वीप होलखाली (सील गळलं तर कूलंट बाहेर यावं म्हणून ठेवलेलं बारीक भोक) वाळलेला हिरवट ओघळ दिसला. चोर सापडला म्हणून मी जो काही खूश झालो! टायमिंग कव्हर काढलं, बेल्ट उतरवला, पंप बदलला. अख्खा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली तोच डाग, तेवढाच, त्याच जागी. वीप होलवरचा वाळलेला पापुद्रा खूप जुना असू शकतो. सील नवं असताना सुरुवातीला जरासं झिरपतं, मग बसतं, आणि खूण मात्र तशीच राहते. ती ओली आहे का, पुसल्यावर परत येते का, हे न बघता पंपाला हात लावायचा नसतो. मी लावला. मालकाला काय तोंड दाखवायचं या विचाराने त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

वस्ताद तीन दिवस दुरून बघत होते. तिसऱ्या संध्याकाळी जवळ येऊन एवढंच म्हणाले, "अरे, डाग रात्री पडतो ना? मग तू तापवून काय बघतोस?" आणि निघून गेले. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? आज वाटतं की हात धरून नटापर्यंत नेणारा वस्ताद मिळण्यापेक्षा असा बरा. पण पंप उतरवण्याआधी बोलले असते तर अजून बरं झालं असतं, हेही खरंच. शिकवण्याच्या नावाखाली गिऱ्हाइकाची गाडी उगाच उघडू देणं मला अजूनही पटत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ही मी जरा जास्तच घोळवून सांगणार आहे. काही गळत्या फक्त थंड इंजिनात होतात. इंजिनावरची नळीची तोटी बहुधा ॲल्युमिनियमची, त्यावर रबरी होज, त्यावर स्टीलची क्लिप. तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, रबर तर त्याहूनही जास्त. क्लिप तेवढी सैलावत नाही, त्यामुळे जोड आपोआप आवळला जातो. गाडी थंड झाली की तोटी आणि रबर आक्रसतात, क्लिप मात्र जवळपास होती तेवढीच राहते. त्यात जुनं रबर कडक झालेलं, क्लिपखाली दबून चपटं झालेलं, ते परत फुगून जागा भरून काढत नाही. केसाएवढी फट पडते. जोड कूलंटच्या पातळीखाली असेल तर दाबाचीही गरज नाही, नुसत्या उंचीने थेंब सुटतो. सकाळी गाडी सुरू होते, तापते, फट मिटते, आणि तुम्ही टॉर्च घेऊन कोरड्या इंजिनाभोवती प्रदक्षिणा घालत बसता.

म्हणून टेस्टर थंड इंजिनावर लावायचा, आणि थंड म्हणजे पूर्ण थंड, हेडला हात लावला तर गार लागलं पाहिजे. कोमट असताना लावण्यात दुहेरी फसवणूक आहे. एक तर फट अजून उघडलेली नसते. दुसरं म्हणजे इंजिन निवत जातं तसा आतला दाब गळती नसतानाही उतरतो, आणि काटा खाली आला म्हणून माणूस नसलेली गळती शोधत बसतो. पहिल्या चुकीने मला गाठलं, दुसरीने माझ्या जोडीदाराला. झाकणावर जो आकडा असेल त्याच्यावर हवा मारू नका. जुन्या रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमवर दुमडून बसवलेली असते ती शिवण अशाने उघडलेली मी पाहिली आहे, आणि मग एका गळतीच्या दोन होतात. अजून एक. टेस्टर झाकणाच्याच जागी बसतो, त्यामुळे झाकणाची परीक्षा त्यात होतच नाही. ते वेगळा अडॅप्टर लावून तपासावं लागतं.

मी गाडी दिवसभर तशीच उभी ठेवली, संध्याकाळी ०.९ पर्यंत भरून टेस्टर तसाच लावून ठेवला आणि खाली कोरडा पुठ्ठा सरकवला. सकाळी लवकर आलो तेव्हा काटा ०.३ वर. रात्रीच्या गारव्याने थोडा उतरतोच, पण एवढा नाही. इंजिन सुरू न करता आरसा आत घातला. हेडच्या मागच्या बाजूला, वायरिंगच्या जुडग्याखाली हीटरचा होज जातो तिथे क्लिपच्या खालच्या कडेला एक हिरवा थेंब लटकत होता. माझ्या डोळ्यांदेखत तो सुटला, हेडवरून गिअरबॉक्सचा घंटेसारखा भाग इंजिनाला जोडतो त्या जोडावर आला, त्या खाचेतून आडवा वीतभर सरकला आणि भलतीकडेच खाली टपकला. थेंब पडतो त्याच्या बरोबर वर गळती शोधू नका, ही सूचना सगळेच देतात, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. ओली वाट धरून वर वर जात राहायचं, एवढंच.

ती क्लिप मात्र चकचकीत नवी होती. काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या कामासाठी तो होज काढला होता आणि मूळची स्प्रिंगची क्लिप फेकून स्क्रूची मीच लावली होती. आवळता येते ती जास्त पक्की, असा माझा समज. स्प्रिंगची क्लिप दिसायला फालतू, पक्कडीने दाबून बसवायची, पण जोड आक्रसला की ती स्वतःहून त्याच्यामागे जाते. स्क्रूची जिथे आवळली तिथेच थांबते, आणि नवशिक्याने जोर लावून आवळली की तिच्या खाचा रबरात रुततात. कंपनीने स्प्रिंग दिली असेल तिथे स्प्रिंगच लावा, यावर मी आता वाद घालत नाही. तोटी घासून साफ केली, होज नवा घातला, योग्य मापाची स्प्रिंग क्लिप बसवली. वीस मिनिटांचं काम.

मधल्या काळात एकाने गळती बुजवायची पावडर सुचवली होती. नका टाकू. ती फट बुजवते तशी हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते, आणि पुढचा मेकॅनिक रेडिएटर उघडून तुमच्या नावाने खडे फोडतो. नुसतं पाणी ओतत राहणं हाही तसलाच आळस. कूलंटमधलं गंजरोधक पातळ होत जातं आणि ब्लॉकवरचे वेल्श प्लग (भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या वाट्या) आतून खाल्ले जातात.

थंड टेस्टमध्येही बाहेर थेंब नाही आणि काटा तरी पडतोय, तर मग आत बघा. डाव्या-उजव्या पायाशी गालिचा ओला, काचेवर चिकट वाफ, गोड वास, म्हणजे हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय. पांढरा धूर थांबतच नाही, ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा थर, थंड इंजिन सुरू करताच होज टणक होतो, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. पण नुसत्या लोण्यावर जाऊ नका, गाडी रोज जवळच्या जवळ फिरत असेल तर वाफेनेही तो थर येतो. कूलंटच्या टाकीवर निळं द्रव भरलेली नळी धरून गॅस तपासता येतो, जळालेला वायू असेल तर निळ्याचं पिवळं होतं. ते झाल्याशिवाय हेड उतरवायचं नाही.

आणि गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. वाकडं तोंड करू नका, तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. दाब असेपर्यंत आतलं कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सुटताच क्षणात उकळून उडतं. माझ्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत डाग आहे. शिवाय चावी काढलेली असली तरी काही गाड्यांचा पंखा अचानक फिरतो, बोटं लांब ठेवा. काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री चाटतात.

होज बसवल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढली, टाकीवर मार्करने थंड पातळीची रेघ मारली आणि मालकाला आठवडाभर रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी ती बघायला सांगितलं. पंपाच्या मजुरीचे पैसे घेतले नाहीत. आठव्या दिवशी ते आले, बोनेट उघडलं. कूलंट रेघेवर होतं. वस्तादांनी एक नजर टाकली आणि मला पुढच्या गाडीचा पाना आणायला पिटाळलं.