सूक्ष्म अध्यापन पुन्हा एकदा: चार शिक्षक, एक मोबाइल आणि हातच्याची वजाबाकी

डी.एड. किंवा बी.एड. झालेल्या कुणापुढेही ‘सूक्ष्म अध्यापन’ (छोट्या पाठातून एकेका अध्यापन कौशल्याचा सराव) हा शब्द काढा, त्याला हसू येणारच. सहा मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी बनून बसलेले आपलेच वर्गमित्र, ‘सांगा पाहू मुलांनो’ म्हणताच मागून आलेली खसखस आणि निरीक्षण तक्त्यावर खुणा करणाऱ्या मॅडम. कौशल्यांची नावंही भारी: सज्जता प्रवर्तन (पाठासाठी मुलांची मनं तयार करणं), प्रश्न कौशल्य, चेतक बदल (आवाज, हालचाल बदलत लक्ष टिकवणं), फलकलेखन. सह्या झाल्या, गुण पडले आणि फाइल माळ्यावर गेली.

यात एक गोष्ट राहून गेली. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत उभी केली, तेव्हा पाठाचं व्हिडिओ चित्रण हा तिचा महत्त्वाचा भाग होता. शिकाऊ शिक्षकाने पाठ घ्यायचा, स्वतःला पाहायचं, दुरुस्ती करून तोच पाठ पुन्हा घ्यायचा. माझ्या अध्यापक विद्यालयात तक्ता होता, कॅमेरा नव्हता. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि त्याच्यावर आपण उपस्थिती भरतो, पोषण आहाराची माहिती भरतो, लिंक आली की तीही भरतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असं म्हटलं आहे. त्यातले बरेच तास ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या कोर्समध्ये जातात. मीही केलेत, काही तर कुकरच्या शिट्ट्या मोजत. त्यातले काही खरंच चांगले होते. पण माझ्या वर्गातला गणेश ५२ मधून २७ वजा करून ३५ का लिहितो, हे कुठल्याच कोर्सला ठाऊक नसतं. ते शोधायला चार शिक्षक, एक मोबाइल आणि साधारण महिनाभराचा वेळ लागतो. कसं करायचं ते सांगतो.

पायरी १: माणसं जमवा

चारच. केंद्रातल्या (म्हणजे एका केंद्रप्रमुखांच्या देखरेखीखालच्या) जवळपासच्या शाळांतली, शक्यतो एकाच इयत्तेला शिकवणारी. द्विशिक्षकी शाळा असेल तर दोन शाळा मिळून गट होतो. भेटायला वेगळा दिवस शोधू नका, कुणी येणार नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेला सगळे जमतातच, त्या दिवशी तासभर आधी या. नाहीतर शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर बसा.

गटात एखादे ‘तंत्रस्नेही’ सर असतील तर त्यांच्यासाठी एक नियम: हात मागे बांधून बसायचं. प्रत्येक गटात हेच घडतं. ज्याला येतं तो पटापट करून टाकतो आणि बाकीचे ‘वा, छान’ म्हणतात. मोबाइल कायम ज्याला सर्वात कमी येतं त्याच्या हातात द्या. काम दुप्पट वेळ घेईल, घेऊ दे.

पहिल्या दोन बैठकांना केंद्रप्रमुखांना बोलावू नका. माणूस चांगला असला तरीही नको. साहेब समोर असले की आपण पाठ घेत नाही, पाठ दाखवतो.

पायरी २: घटक निवडू नका, चूक निवडा

‘वजाबाकी’ हा घटक झाला, त्यावर काम करता येत नाही. दहा वह्या घ्या आणि एकाच प्रकारची चूक कुठे कुठे दिसते ते पाहा. आम्ही दुसरी-तिसरीची ५२ − २७ घेतली. ३५ असं उत्तर लिहिणारं मूल बेफिकीर नसतं. ते एक नियम पाळत असतं: मोठ्यातून लहान वजा करायचा. एककात २ आणि ७ आहेत, मग ७ मधून २ गेले, राहिले ५. दशकात ५ मधून २ गेले, राहिले ३. त्याच्या नियमानुसार उत्तर बरोबर आहे. नियमच चुकीचा आहे आणि तो आपल्याच ‘मोठ्यातून लहान जातो’ या वाक्यातून आलेला असतो.

चूक एका ओळीत लिहून ठेवा. पुढचा महिनाभर चौघांनी तेवढंच पाहायचं.

पायरी ३: स्वतःचं सहा मिनिटांचं चित्रण

चौघांपैकी एकाने आपल्या नेहमीच्या वर्गात, नेहमीच्या पद्धतीने हा भाग शिकवायचा आणि चित्रण करायचं. नवीन साडी नको, इस्त्रीचा शर्ट नको, सजवलेला फळा नको.

मोबाइल वर्गाच्या मागे, खिडकीला पाठ करून ठेवा, म्हणजे उजेड तुमच्यावर पडेल आणि मुलांच्या पाठीच दिसतील. मुलांच्या पाठी दिसणं दोन कारणांनी बरं. मुलं कॅमेऱ्याकडे पाहत बसत नाहीत आणि चेहऱ्यांचा प्रश्नही मिटतो. बाकावर दोन वह्यांच्या गठ्ठ्यांमध्ये मोबाइल आडवा उभा करा. एअरप्लेन मोड चालू करा, नाहीतर पाठाच्या चौथ्या मिनिटाला बँकेचा फोन येतो. तुमचा आवाज नीट यायला हवा म्हणून कॉलरला साध्या इयरफोनचा माइक लावायचा मोह होईल. वायर पुरत नाही, सोडून द्या. या टप्प्यावर आवाज थोडा खराब असला तरी चालतो.

पायरी ४: पाहणं, म्हणजे खरं काम

सूक्ष्म अध्यापनाचं आपल्याकडचं चक्र ३६ मिनिटांचं: ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (पाठावरच्या सूचना), १२ पुनर्नियोजन, ६ पुन्हा पाठ, ६ पुन्हा प्रत्याभरण. आपल्या बैठकीत पहिल्या पाठाऐवजी चित्रण लावा, बाकी तसंच ठेवा.

स्वतःला पडद्यावर पाहणं फार अवघड असतं. पहिल्या वेळी मला फक्त माझं पोट दिसलं आणि ‘बरोबर आहे का? बरोबर आहे का?’ हा मंत्र ऐकू आला. म्हणून एकट्याने आधी एकदा पाहून घ्या आणि पोटाचं दुःख उरकून मग गटात बसा.

गटात बोलण्याचे नियम कडक ठेवा. ‘छान’ म्हणायचं नाही, ‘मी असतो तर’ म्हणायचं नाही. फक्त दिसलं ते सांगायचं, आणि वेळेसकट: ‘२ मिनिटं १० सेकंदांना तुम्ही दशक सुटा केला, पण गठ्ठा टेबलाखाली होता, मागच्यांना दिसला नसणार.’

एक गोष्ट मात्र हटकून मोजा. प्रश्न विचारल्यावर उत्तर येण्यासाठी तुम्ही किती सेकंद थांबता? मोबाइलच्या पडद्यावर सेकंद धावतच असतात, त्यामुळे मोजणी सोपी. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासून दाखवलं होतं की शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, ‘येत नाही’ म्हणणारी कमी होतात, एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. आम्ही चौघांनी आपापलं थांबणं मोजलं, तर तिघं एका सेकंदाच्याही आत होतो. चौथ्या मॅडम चार सेकंद थांबल्या होत्या. आम्ही कौतुक करणार तोच त्या म्हणाल्या, ‘थांबले कुठली, खडू शोधत होते.’

पायरी ५: आता काहीतरी बनवा

आरशात पाहून झाल्यावरच साधनाला हात घाला. उलट क्रमाने केलं की सुंदर व्हिडिओ तयार होतो आणि चूक वह्यांत तशीच राहते.

आम्ही तीस सेकंदांची स्टॉप मोशन क्लिप केली. म्हणजे वस्तू थोडी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा थोडी हलवायची, पुन्हा फोटो. फोटो भराभर लावले की वस्तू आपोआप हलताना दिसते. आपल्या कामासाठी हे तंत्र अगदी नेमकं आहे. गठ्ठ्याचा रबर निघतो आणि दहा काड्या सरकत एककाच्या घरात जातात, हे मुलाने पाहायला हवं असतं. फळ्यावर आपण ५ खोडून ४ लिहितो आणि २ च्या शेजारी १ लिहितो. ‘हातचा’ कुठून आला ते त्यात दिसतच नाही.

साहित्य: आइस्क्रीमच्या काड्या, रबर बँड, रंगीत कार्डशीट, प्लॅस्टिकचं स्टूल आणि मोबाइल.

स्टूल कशाला? बहुतेक प्लॅस्टिकच्या स्टुलांना वर मधोमध भोक असतं. मोबाइल पडदा वर करून स्टुलावर ठेवा, मागचा कॅमेरा त्या भोकावर आणा. खाली जमिनीवर कार्डशीट अंथरा. दुकानातल्या स्टँडपेक्षा हा घट्ट असतो. स्टुलाच्या पायांची सावली पडते, म्हणून ते खिडकीजवळ न्या आणि खिडकीसमोरच्या बाजूला पांढरा कागद उभा करा. पडद्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड ‘लॉक’ होतो. तो केला नाही तर दर फोटोत प्रकाश बदलतो आणि क्लिप लुकलुकते. फोटो काढताना फोनला हात लावू नका. वायरच्या इयरफोनचं आवाजाचं बटण बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याचं बटण म्हणून चालतं.

आधी कागदावर सहा चौकटी आखा:

- ५ गठ्ठे, २ सुट्ट्या काड्या
- २ मधून ७ काढायला जाणारा हात थांबतो
- एका गठ्ठ्याचा रबर निघतो
- दहा काड्या सरकून एककाच्या घरात, आता ४ गठ्ठे आणि १२ सुट्ट्या
- ७ सुट्ट्या जातात, ५ राहतात
- २ गठ्ठे जातात, २ राहतात

सेकंदाला सहा फोटो पुरतात. तीस सेकंदांचे १८० झाले. आकडा मोठा वाटतो, पण दोघांनी काड्या हलवल्या आणि एकाने बटण दाबलं तर तासाभरात संपतं. चौथ्याने चहा आणायचा. फोटो जोडायला स्टॉप मोशन स्टुडिओसारखं अ‍ॅप घ्या, त्याच्या फुकट आवृत्तीत एवढं काम होतं.

चौथ्या चौकटीवर घाई करू नका. तिथे काड्या स्थिर ठेवून बारा-पंधरा फोटो जास्त काढा. मुलाने बारा मोजायला हवेत.

पायरी ६: आवाज नंतर, वेगळा

पंखा बंद, खिडकी बंद, पत्र्याचं छप्पर असेल तर पावसात नको. सगळ्यात बरी जागा म्हणजे घरातलं कपड्यांचं कपाट. दार उघडून तोंड आत घालून बोला, कपडे आवाजाचा घुमार शोषून घेतात. घरचे हसतील.

मागे संगीत लावू नका. जे बोलताय तेच पडद्यावर लिहूनही दाखवू नका. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने अनेक प्रयोगांतून हे दाखवलं आहे: चित्र आणि बोलणं एवढं पुरतं, त्यात तोच मजकूर पुन्हा वाचायला लावला की शिकणं कमी होतं. आपल्याकडच्या शैक्षणिक व्हिडिओंमध्ये तर बासरी, फिरती अक्षरं आणि शाळेचं बोधचिन्ह, तिन्ही एकदम चालू असतं.

‘बावन्न’ म्हणायचं की ‘पन्नास दोन’? २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून यावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. या क्लिपपुरतं मी दोन्ही म्हणतो, आधी ‘बावन्न’ आणि लगेच ‘पन्नास आणि दोन’, कारण गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या तेच सांगत असतात.

लांबीचा मोह आवरा. २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरच्या ८६२ व्हिडिओंच्या, ते पाहिले गेल्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या, तेव्हा लोक सहा मिनिटांपलीकडे फारसे टिकत नाहीत असं दिसलं. ते तर आपणहून कोर्सला आलेले लोक होते. तुमच्यासमोर सात वर्षांची मुलं आहेत.

पायरी ७: वर्गात लावा, पण थांबवत

दुसऱ्या चौकटीवर क्लिप थांबवा आणि विचारा, ‘आता काय करायचं?’ मग मनात तीन मोजा. उत्तरं येतील तशी फळ्यावर लिहा, चुकीचीही. मग पुढे चालवा. शेवटी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, तिच्यावर एकच उदाहरण: ६१ − ३८. किती मुलांनी ३७ लिहिलं ते मोजा. हाच आकडा पुढच्या बैठकीला न्यायचा. क्लिप किती जणांनी पाहिली, किती अंगठे आले, ते नको.

३७ लिहिणारी बरीच उरली तर क्लिपमध्ये नेमकं काय निसटलं ते शोधा. आमच्या पहिल्या क्लिपमध्ये गठ्ठ्यात दहाच काड्या आहेत हे दाखवायचंच राहिलं होतं. एका मुलीने विचारलं, ‘सर, त्यात किती होत्या?’ मग सुरुवातीला काड्या मोजून रबर लावतानाचे काही फोटो वाढवले.

पायरी ८: बाहेर देताना

व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिप ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर दाबली जाऊन काड्या धुरकट होतात. चित्रं हवी असतील तर इंटरनेटवरून उचलू नका. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर खुल्या परवान्याची चित्रं आणि मराठी गोष्टी आहेत, चित्रकाराचं नाव देऊन वापरता येतात. प्रयोगांच्या कल्पना हव्या असतील तर पुण्याचे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचा खजिना आहे.

पायरी ३ मधलं वर्गाचं चित्रण मात्र गटाबाहेर कधीच जाऊ देऊ नका, महिना संपला की पुसून टाका. मुलांचे चेहरे किंवा नावं असलेलं काहीही टाकायचं असेल तर पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक मानलं आहे. ‘गटातच टाकलं होतं’ हे उत्तर पालकांपुढे टिकत नाही.

आणि फाइलला नाव द्या. ‘VID’ ने सुरू होणाऱ्या चारशे फाइलींमधून पुढच्या जूनमध्ये ही सापडणार नाही. आमच्या फाइलीचं नाव आहे ‘इ२_वजाबाकी_३५वाली_चूक_सुधारित२’. पुढच्या महिन्यात त्या खडू शोधणाऱ्या मॅडमचं चित्रण आहे, विषय जोडाक्षरं. त्या आत्तापासून खडू कुठे ठेवायचा याचा विचार करतायत.