क्लच पेडल खालीच अडकतं? स्लेव्ह सिलिंडर तपासा

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये क्लच पेडल तळाला जाऊन तिथेच बसायचं; पंप केलं की कसाबसा गिअर पडायचा. क्लचच्या ऑइलच्या डब्यात टॉप-अप केलं, नुसतं ब्लीडिंगही (पाइपातली हवा काढणं) केलं, गुण नाही. डोकं उठलं होतं.

गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) रबर बूट उचललं, आत चिकट ओल, म्हणजे ऑइल गळत होतं. सिलिंडर बदलला. मग ब्लीडिंग: डब्याच्या झाकणावर लिहिलेल्याच ग्रेडचं ब्रेक ऑइल (माझ्याकडे डॉट ४), सिलिंडरवरच्या निपलला (हवा सोडायचा स्क्रू) पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. भावाने पेडल दाबून धरलं, मी निपल सैल केला, पेडल तळाला गेल्यावर निपल घट्ट, मगच पेडल वर. पेडल आधी सोडलं तर हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. डबा रिकामा होऊ देऊ नका. ऑइल गाडीचा रंग खातं. सांडलं तर लगेच पाणी ओता. सील फोडलेली बाटली पावसाळ्यासाठी जपून ठेवू नका, हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं.