कातलेल्या वाटीचा फोटो काढण्याआधी

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, कातलेली लाकडी वाटी हातात घेतली की बोटांना सगळं कळतं. काठ किती पातळ झालाय, पोट कुठे भरलंय, बुडाला किती वजन ठेवलंय. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला ती हातात घेता येत नाही, त्याच्यापुढे फक्त फोटो असतो. बोटांना जे कळतं ते फोटोत दिसलं पाहिजे, एवढा एकच हिशेब धरून मी तयारी करतो. ती कशी करतो ते क्रमानं सांगतो.

सुरुवात आदल्या संध्याकाळी, साफसफाईनं. माझा लेथ कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे. आजूबाजूला फौंड्री आणि मशीनशॉप, त्यामुळे लाकडाच्या भुशासोबत हवेत लोखंडाची बारीक धूळही असते, आणि तेल लावलेल्या लाकडाला ती चिकटते. बाभळीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. त्यावर लोखंडाचा कण बसला आणि ओल लागली की काळानिळा डाग पडतो. म्हणून तेल सुकलं की वस्तू तिथं ठेवायचीच नाही. सुती कापडात गुंडाळून मी ती मंगळवार पेठेतल्या घरी आणतो. घरी रंगकामाच्या मऊ, कोऱ्या ब्रशनं काठाखालची खाच आणि बुडाचा कंगोरा झाडून घ्या. मग खोलीत अंधार करून टॉर्च वस्तूला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि वाटी हळूहळू फिरवा. पॉलिश पेपरच्या गोल रेघा राहिल्या असतील तर त्या आत्ता दिसतील. दिसल्या तर फोटो पुढं ढकला, वाटी परत चकवर, म्हणजे लेथच्या पकडीवर, चढवा, २४० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ४०० पर्यंत पुन्हा जा. उद्या बाजूनं येणारा उजेड त्या रेघा याहून ठळक दाखवणार आहे. एकदा पुसलेली वस्तू नंतर कापडानंच धरायची. लाखेवर बोटाचा ठसा उमटतो आणि फोटो मोठा करून पाहणाऱ्याला पहिला तोच दिसतो.

आता उजेड. माझा निम्म्याहून जास्त वेळ यातच जातो, तुमचाही जाऊ द्या.

उत्तरेच्या खिडकीतला उजेड घ्या, असं जिथं तिथं सांगितलेलं असतं. तो सल्ला थंड देशांतून आलेला आहे, कारण तिकडे सूर्य दुपारी कायम दक्षिणेला असतो. आपलं कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आपला दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला सरकलेला असतो. आणि मार्चअखेरपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊनही उत्तरेच्या खिडकीत शिरतं. म्हणून महिना पाहून खिडकी ठरवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तरेची खिडकी निर्धास्त वापरा, सकाळी दहापासून तीनपर्यंत तिथला उजेड फारसा हलत नाही. उन्हाळ्यात ऊन आलं की खिडकीला पातळ पांढरं कापड लावावंच लागतं. आणि पावसाळा हा आपला खरा हंगाम. जून-जुलैत कोल्हापूरवर ढग बसलेले असतात तेव्हा अख्खं आभाळच एक मोठा पांढरा दिवा होतं. लोक त्या दिवसांत उजेड नाही म्हणून काम थांबवतात. उजेड कमी असला तरी मऊ असतो आणि आपल्याला मऊच हवा. कमी उजेडात कॅमेरा जास्त वेळ उघडा राहतो, तेव्हा तो हलू न देण्याचं काम स्टँड आणि टायमर भागवतो.

खिडकीला लावायला मी आजोबांचं जुनं धोतर वापरतो. धुऊन धुऊन विरलेलं, नीळ न घातलेलं. नीळ घातलेल्या कापडातून उजेड निळसर येतो. धोतर एकेरी लावून बघा, सावलीची कड अजून धारदार असेल तर दुहेरी करा. उजेडाचा मऊपणा दोन गोष्टींवर ठरतो. उजेड देणारा पृष्ठभाग वस्तूच्या मानानं किती मोठा आहे, आणि तो किती जवळ आहे. पाच इंची वाटीला तीन फुटी खिडकी भरपूर झाली, पण वाटी खिडकीपासून दहा फूट लांब ठेवली तर तीच खिडकी तिच्यासाठी लहान होते. टेबल खिडकीला दोन-तीन फुटांवर लावा, आणि उजेड वस्तूच्या बाजूनं येऊ द्या. समोरून आला तर वाटी चपटी दिसते. बाजूनं आला की पोटाच्या वळणावर उजेडातून सावलीत हळूहळू उतार तयार होतो, आणि त्या उतारावरूनच पाहणाऱ्याला गोलाई कळते. सावलीची बाजू फार काळी पडली तर तिकडे थर्माकोलचा तुकडा उभा करा. तो किती जवळ आणायचा ते डोळ्यानं ठरवा, सावली पूर्ण पुसून टाकू नका.

खोलीतले सगळे दिवे बंद करा. हे मी नुकसान सोसून शिकलो. फणसाच्या एका ताटलीचे फोटो मी खिडकीच्या उजेडात, वर पिवळा दिवा चालू ठेवून काढले होते. ताटलीची एक बाजू निळसर आणि दुसरी नारिंगी आली. कॅमेऱ्याला दोन्ही रंग एकाच वेळी बरोबर करता येत नाहीत. मला तेव्हा ते कळलं नाही. गिऱ्हाइकानं नारिंगी समजून मागवली आणि आठ दिवसांनी परत पाठवली. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तसंच भिंतींकडेही लक्ष द्या. आपल्या जुन्या घरांतली हिरवी-निळी ऑइलपेंटची भिंत जवळ असेल तर तो रंग लाकडावर उतरतो. तिच्यापुढे पांढरी चादर टांगा.

चकचकीत लाखेच्या वस्तूंना, म्हणजे सावंतवाडीच्या धर्तीवर लाख चढवलेले भोवरे, डब्या, पाळण्याचे खुळखुळे, यांना वेगळी तयारी लागते. त्यात सगळी खोली दिसते: खिडकीचे गज, कॅमेरा, तुमचा शर्ट. चकाकी घालवता येत नाही. तिच्यात काय दिसावं हे मात्र आपल्या हातात असतं. खिडकी आणि वस्तूच्या मध्ये बटर पेपर ताणून धरा, म्हणजे गजांच्या जागी एक सलग पांढरा पट्टा उमटेल, आणि डबीच्या अंगावरून तो पट्टा जसा वळतो तसा तिचा आकार समजतो. त्या दिवशी गडद, साधा शर्ट घाला.

मागच्या कागदावर फार वेळ घालवू नका. एक राखाडी आणि एक पांढरा चार्ट पेपर पुरतो. भिंतीला वरून चिकटवून टेबलावर वळवत आणा, घडी पडू देऊ नका, म्हणजे मागे रेघ येत नाही. शिसवीला राखाडी चांगला, पांढऱ्यावर तिचा रंग मरतो. नऊवारी, मोत्याची माळ, झेंडूची फुलं, कोल्हापुरी चप्पल यांतलं काहीही शेजारी ठेवू नका. वाटीकडे बघायला आलेली नजर तिकडे जाते.

कॅमेरा हातात घेण्याआधी वहीत वस्तूची बाह्यरेषा पेन्सिलीनं काढा. आपल्याच कोल्हापुरात सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, आणि चित्रीकरणाआधी ते पात्रांच्या पोशाखाची, हालचालींची रेखाटनं करत. मूळचे चित्रकार, आधी कागदावर पाहण्याची सवय. मला ही सवय फार उपयोगी पडली. रेघ ओढताना वळण कुठे सर्वांत सुंदर आहे ते हाताला कळतं, आणि उजेड कुठून यावा ते तिथंच ठरतं. बाभळीच्या वाटीला लालसर गाभा आणि फिकट कड जिथं भेटतात ती रेषा कुठल्या बाजूला ठेवायची, तेही वहीतच ठरवा.

मोबाईल असेल तर आधी भिंग पुसा. वस्तूच्या तोंडाजवळ नेऊ नका. जवळून काढलं की पुढचा काठ फुगतो, बूड आक्रसतं, आणि तुम्ही कातलेला आकार फोटोत उरत नाही. चार फूट मागे या आणि दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती घ्या. मोठा कॅमेरा असेल तर आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं छिद्र) एफ ८ ते ११, स्टँड, दोन सेकंदांचा टायमर. फोकस पुढच्या काठावर. पांढऱ्या कागदावर कॅमेरा सगळं काळवंडवतो, कारण तो समोरचं दृश्य सरासरी राखाडी धरूनच मोजतो. तिथं एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, थोडं वाढवा, काळ्या कागदावर थोडं कमी करा. पहिला फोटो कोऱ्या पांढऱ्या कागदाचा काढून ठेवा, नंतर रंग त्याच्यावरून जुळवता येतो.

कोणते फोटो हवेत ते आधीच लिहून ठेवा, नाहीतर एकाच कोनातले चाळीस निघतात. थोडं वरून एक, ज्यात आतलं आणि बाहेरचं दोन्ही दिसेल. काठाच्या पातळीवर कॅमेरा खाली आणून एक, निव्वळ आकारासाठी. बुडाचा एक, त्यावर लाकडाचं नाव आणि वर्ष कोरलेलं असतंच. गाठ, चीर, भरलेली भेग असेल तर तिचा जवळून एक, तो लपवायचा नाही. फणसाचा ताजा पिवळा रंग उजेडानं काही महिन्यांत तपकिरी होतो, म्हणून त्या फोटोखाली तारीख घाला आणि रंग बदलेल असं स्पष्ट लिहा.

शेवटचा फोटो हातातला. त्याशिवाय वाटीचं माप कुणाला कळत नाही, इंच लिहून भागत नाही. मी आईला बोलावतो. हात कोरडे हवेत, हळदीचे डाग चालतील. धरायचं कसं ते सांगू नका. आमटीची वाटी धरावी तशी ती धरते, चार बोटं बुडाखाली आणि अंगठा काठावर. फोकस त्या अंगठ्यापाशी ठेवा, जिथं कातडी लाकडाला टेकते.